आधी माणसं बघ, मग घोडा

"ताई, घोडा???" एवढंच लिहून पाठवलंस. तीन प्रश्नचिन्हं आणि पुढे काही नाही. आधी मला हसू आलं, मग निरोपाची वेळ बघितली, रात्रीचे अडीच, आणि हसू पळालं. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन तुला जेमतेम महिना झालाय. घरात वाइनची बाटली नाही, झोपेच्या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करत आणताहेत. पोरीला घेऊन नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलीस, त्याच्या कोर्टाच्या तारखा अजून चालूच आहेत. आणि त्यात तुझी काउन्सेलर म्हणते, आठवड्यातून एकदा फार्मवर जा, तिथे घोड्यांबरोबर थेरपी असते. अमेरिकेत काय वाट्टेल ते निघतं, असं तुझ्या मनात आलं असणार. माझ्याही आलं होतं. आपल्याला घोडा माहीत तो वरातीतला, नाहीतर माथेरानला दस्तुरीपासून वर आपल्याला आणि आपल्या बॅगेला वाहून नेणारा. त्याच्यापुढे उभं राहून मनातलं दुःख काय सांगायचं?

काही सांगायचं नसतं गं. त्यातलं हेच मला सगळ्यात बरं वाटतं. तू तीच हकिगत वकिलाला सांगितलीस, पोलिसांना सांगितलीस, डॉक्टरांना सांगितलीस, प्रत्येक वेळी नवा फॉर्म आणि पुन्हा पहिल्यापासून. इथे निदान तो आठवडाभरातला एक तास तोंड मिटून काम करता येतं.

मी थेरपिस्ट नाही, हे आधीच सांगून ठेवते. इथे न्यू जर्सीत आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एक तबेला आहे, तिथे शनिवारी मी मदतीला जाते. लीद उचलते, पाणी भरते, खरारा करते, कुणी घोड्यावर बसलं तर बाजूने चालते. पहिल्याच दिवशी पंजाबी ड्रेस आणि वर ओढणी अशी नटून गेले होते. बिस्किट नावाच्या म्हाताऱ्या घोड्याने ओढणीचं टोक निवांतपणे चघळायला घेतलं आणि मी "अरे सोड, सोड मेल्या" असं मराठीत ओरडतेय. तेव्हापासून जीन्स. तर माझा अधिकार एवढाच. तिथे येणाऱ्या माणसांच्या गोष्टी मी तुला सांगणार नाही, जशी तुझी कुणाला सांगत नाही. पण घोडा आणि ते काम जवळून बघितलंय, ते सांगते.

तुझी पहिली धास्ती मला माहीत आहे: वर बसावं लागेल का? नाही. तुझ्यासारखीच्या कामासाठी बहुतेक ठिकाणी कुणी खोगीर काढतसुद्धा नाही. एकाच नावाखाली इथे निरनिराळ्या गोष्टी चालतात, म्हणून गोंधळ होतो. स्नायू, तोल, बोलणं सुधारावं म्हणून फिजिओथेरपिस्ट वगैरे मंडळी घोड्याच्या चालीचा उपयोग करून घेतात, ती हिप्पोथेरपी. अपंगांना स्वारी शिकवतात, ते आणखी वेगळं. त्या स्वारीचं नाव जगात झालं ते डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंमुळे. १९४४ साली त्यांना पोलिओ झाला, तेव्हा त्या गरोदर होत्या. गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नाही, घोड्यावर चढा-उतरायला दुसरं माणूस लागायचं. आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, बायकांना पुरुषांच्या बरोबरीने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, उतरू दिलं त्या पहिल्याच खेपेला, बाईंनी रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक जिंकलेल्या स्वीडनच्या घोडेस्वाराने त्यांना आधार देऊन चौथऱ्यावर चढवलं. चार वर्षांनी पुन्हा रौप्य. मला ही बाई फार आवडते म्हणून मध्येच घुसवली, तुझ्या कामाशी तिचा तसा संबंध नाही.

तुला सुचवलंय ते सगळं जमिनीवर उभं राहून करायचं. १९९९ साली अमेरिकेत इगाला नावाची संस्था निघाली. तिच्या पद्धतीत स्वारी नाहीच, आणि तुझ्याबरोबर दोन माणसं असतात, एक मानसोपचार करणारी आणि दुसरी घोडा जाणणारी. पाथ इंटरनॅशनल ही दुसरी मोठी संस्था, १९६९ पासूनची. ती प्रशिक्षकांना आणि केंद्रांना प्रमाणपत्रं देते. ही दोन नावं वहीत लिहून ठेव, पुढे फोन करशील तेव्हा लागतील.

आता तिथे होतं काय ते ऐक. पहिल्या दिवशी बहुधा कुंपणाबाहेरूनच घोडे बघायचे. दोन-चार घोडे मोकळे सोडलेले असतात. कोण कुणाला हुसकावतो, कोण कोपऱ्यात उभा आहे, कुणाच्या जवळ जावंसं वाटतं, एवढंच विचारतात. आत जायचं की नाही ते तू ठरवायचं. मग पुढे कधीतरी खरारा. रबरी खरारा गोल गोल फिरवून आधी धूळ आणि सुटे केस वर काढायचे, मग ब्रशने केसांच्या दिशेने झाडायचं. पोटाखाली हात हलका ठेवायचा, तिथे त्याला गुदगुल्या होतात. आपल्याला असली कामं कळतात गं, हाताला लगेच वळण पडतं. मग मोरकी घालून दोरीने चालवायचं. आणि एके दिवशी दोरीही काढून घेतात आणि म्हणतात, आता याला त्या खांबांमधून पलीकडे ने, हात न लावता. हा काय पोरखेळ, असं वाटेल तुला. घोडामैदान जवळच आहे, बघशील.

मदतनीसांच्या प्रशिक्षणात मलाही दोरीने चालवायला लावलं होतं. घरी पाहुणे यायचे होते, चक्का टांगून आले होते, सगळा जीव श्रीखंडात. मी दोरी ओढली. बिस्किट जागचा हलेना. आणखी ओढली. चारशे-पाचशे किलोचं जनावर, आपण ओढून काय हलणार! शिकवणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "तुमचा श्वास कुठे आहे बघा." बघते तर खांदे कानाला टेकलेले, दात आवळलेले. श्वास सोडला, दोरी सैल केली, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं सोडलं, जायचं त्या दिशेला नजर टाकली आणि पाऊल उचललं. आला की माझ्या मागून, फुरफुरत. यात चमत्कार काही नाही. तोंडासमोर उभं राहून कुणी ओढायला लागलं की घोडा थांबतो, एवढं साधं आहे. पण माझे खांदे कानाला लागलेत हे मला घरात दिवसभर कुणी सांगत नाही, त्याने दोन मिनिटांत सांगितलं.

बघ, घोडा ही मूळची वाघ-लांडग्यांची शिकार. पळून जीव वाचवणारं जनावर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी समोरची आणि शेपटीमागची थोडी जागा दिसत नाही. म्हणून मागून कधी जायचं नाही, दुगाणी बसेल. डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. कळपात एकाने मान वर करून कान टवकारले की बाकीचे खाणं सोडतात. शेजारचं अंग ताठ झालं की ते त्याला कळावंच लागतं, नाहीतर त्याचा वंश टिकला नसता. स्वीडनमधल्या संशोधकांनी एक गमतीचा प्रयोग केला होता, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. माणसांनी घोड्याला घेऊन ठरलेल्या अंतरात फेऱ्या मारायच्या. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं की या वेळी तुम्ही जवळ आलात की छत्री फटकन उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या छातीचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

आता तुझं बघ. गॅसवर दूध ठेवून ओट्यापाशी उभं राहावं तशी तू त्या घरात वर्षानुवर्षं उभी होतीस. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज, बूट काढून ठेवले की भिरकावले, आज आवाज कसा आहे. घर सुटलं, पण अंग अजून ओट्यापाशीच उभं आहे. डिशवॉशरचं दार आपटलं तरी तू दचकतेस. वाइन काय मजेसाठी घेत होतीस का गं? ते ताठलेलं अंग तासभर खाली बसावं म्हणून घेत होतीस. हे मला कळतं, म्हणून तुझ्यावर कधी रागावले नाही. (बाटली लपवलीस त्याबद्दल रागावले होते, ते वेगळं.)

घोडाही असाच सावध असतो, फरक पुढे आहे. प्लास्टिकची पिशवी उडाली की तो उसळतो, चार पावलं पळतो, वळून बघतो. धोका नाही हे कळलं की मान खाली येते, ओठ चाटतो, जबडा हलतो, एखादी लांब जांभई देतो आणि परत गवतात तोंड घालतो. दचकणं तुलाही येतं, त्यानंतरचं खाली येणं तुझ्या शरीराला करायला मिळालंच नाही, कारण तेवढ्यात पुढचं काहीतरी घडायचं. त्याच्याशेजारी उभं राहून ते पुन्हा पुन्हा बघायचं आणि आपल्या अंगात करून बघायचं. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ पडतात, आपले ६० ते १००. त्याच्या मानेवर हात ठेवून उभं राहिलं की आपलाही श्वास लांबतो, असा माझा अनुभव आहे. त्यामागचं शास्त्र मला विचारू नकोस, पण शनिवारी रात्री मला झोप चांगली लागते.

आणखी एक गोष्ट, आणि मला वाटतं तुझ्यासाठी तीच सगळ्यात कामाची. तिथे "मागे हो" म्हणायला शिकवतात. घोडा लाडात येऊन अंगावर रेलतो, खिशात नाक घालतो. नव्या बायका काय करतात सांगू? स्वतःच मागे सरकतात. हसून, 'असू दे' म्हणत, एकेक पाऊल, कुंपणाला पाठ टेकेपर्यंत. मग ती थेरपिस्ट विचारते, तुम्ही का सरकलात? पुढचा सगळा तास या एका प्रश्नावर जातो. मग दोन्ही पाय घट्ट रोवून, दोरी किंचित हलवून, न ओरडता सांगायचं, मागे. तुझ्या आठपट वजनाचं ते धूड एक पाऊल मागे जातं. रागावत नाही, दार आपटत नाही, दोन दिवस अबोला धरत नाही. मिनिटभराने पुन्हा जवळ येऊन उभं राहतं. नाही म्हटलं आणि काही वाईट झालं नाही, असं तुझ्या बाबतीत शेवटचं कधी घडलं होतं? म्हणून म्हणते, जा.

जाताना डोळे मात्र उघडे ठेव. या धंद्यात गोड बोलणारे पुष्कळ आहेत. घोडा तुमच्या आत्म्याचा आरसा आहे, त्याला तुमचं सगळं कळतं, तो तुम्हाला निवडतो, असं काही काही सांगतात. काही नाही गं. घोडा तुझ्यापासून दूर गेला तर तुझ्या मनात काळं आहे म्हणून नव्हे. पोटावर माशी बसली असेल, नाहीतर पलीकडे कुणी चंदीची बादली हलवली असेल. तुझ्यासारखी, जिला आधीच सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटतं, तिला कुणी म्हणालं की बघा, घोड्यालाही तुमच्यापाशी थांबवत नाही, तर किती लागेल ते! असं बोलणारी बाई भेटली तर तिथून सरळ निघून ये. चांगली थेरपिस्ट तुलाच विचारेल की तो गेला तेव्हा तुझ्या मनात काय आलं. ते उत्तर तुझं, घोड्याचं नव्हे.

पुरावा काय, असंही तू विचारशील, इंजिनिअर ना तू. तर ऐक. कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी मॅन ओ' वॉर नावाचा प्रकल्प केला. मॅन ओ' वॉर हा अमेरिकेतला एके काळचा गाजलेला शर्यतीचा घोडा, त्याचं नाव दिलं. युद्धावरून आलेल्या, पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक त्रास, झालेल्या ६३ माजी सैनिकांना आठवड्यातून एकदा दीड तास, असे आठ आठवडे घोड्यांबरोबरचं काम दिलं, स्वारी न करता. निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. जवळपास निम्म्या लोकांच्या त्रासात चांगला उतार पडला आणि मधूनच सोडून गेलेले फार थोडे. पण तुलनेसाठी घोड्याविना दुसरा गट ठेवलेला नव्हता, त्यामुळे उतार घोड्यामुळे पडला, की आठवड्यातून एकदा कुणीतरी आपुलकीने वेळ दिल्यामुळे, हे त्यातून ठरत नाही. व्यसनाचं म्हणशील तर ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयात तरुण रुग्णांच्या उपचारांत तबेल्यातलं काम धरलेलं होतं. तिथल्या १०८ जणांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. तबेल्यात जाणारे उपचारात जास्त दिवस टिकले आणि पुरे करणारेही त्यांच्यात जास्त निघाले. इथेही एक मेख आहे, कारण जायचं की नाही हे बरंचसं ज्याचं त्याने ठरवलेलं. ज्यांना बरं व्हायची जास्त ओढ तेच गेले असतील. तरी तिथल्या रुग्णांचं एक म्हणणं माझ्या मनात राहिलंय. तबेल्यात आम्ही रुग्ण नसतो, कामाची माणसं असतो, अशा अर्थाचं ते बोलले होते. व्यसनातून उठलेल्या माणसाकडे घरातले सगळे संशयाने बघतात, दर दोन तासांनी तोंडाचा वास घेतात. घोड्याला तुझं मागचं काही ठाऊक नसतं. पाणी वेळेवर आलं की झालं.

म्हणजे माझं मत विचारशील तर घोडा ही जोड आहे, मूळ औषध नव्हे. आघातासाठी ज्यांचा पुरावा भक्कम आहे त्या थेरपी वेगळ्या, ईएमडीआर किंवा प्रोलाँग्ड एक्स्पोजर, आणि तुझी गुरुवारची थेरपिस्ट त्यातलंच काहीतरी करतेय. ते सोडायचं नाही. ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, मीटिंग चुकवायची नाही. आणि गोळ्यांच्या बाबतीत तर हात जोडून सांगते, फार्मवर दोन वेळा छान वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तरी तोच धोका असतो. कमी करायचं ते डॉक्टर करतील.

आता फोन. तू फोनला घाबरतेस, म्हणून काय विचारायचं ते सांगून ठेवते, कागद समोर घेऊन बस. पहिला प्रश्न घोड्याचा विचारूच नकोस. माझ्याबरोबर उभं कोण राहणार, ते विचार. त्या बाईकडे मानसोपचाराचा राज्याचा परवाना आहे का? क्रमांक मागून घे, राज्याच्या बोर्डाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. आघात आणि व्यसन या दोन्हींचा तिला अनुभव आहे का? घोडा सांभाळणारं माणूस वेगळं असतं का, त्याचं प्रशिक्षण कुठलं? मघाची दोन नावं इथे कामाला येतील. मला तिथे घाबरंघुबरं झालं, जुनं सगळं डोळ्यांसमोर आलं, तर तुम्ही काय करता, हेही विचार. जिला हे नेमकं सांगता येत नाही तिला राम राम. माझ्या काउन्सेलरशी तुम्ही बोलणार का, हे विचारायला विसरू नकोस. तुझी लेखी परवानगी घेऊन त्यांनी बोललेलं बरं, नाहीतर एकीचं दुसरीला ठाऊक नाही असं होतं.

घोड्यांचंही विचार बरं का. दिवसाला किती तास काम देतात, मोकळं चरायला सोडतात का, नको असेल तेव्हा त्याला निघून जाता येतं का. तिथे गेल्यावर नजर टाक. पाण्याची टाकी शेवाळलेली, घोडे कान मागे पाडून उभे, अंगावर खोगिराचे घट्टे, असं दिसलं तर परत फीर. जिथे जनावराला नाही म्हणायची मुभा नाही, तिथे तू काय ते शिकणार?

पैशाचं आधीच बोलून घे. 'घोडा' शब्द बघितला की बऱ्याच विमा कंपन्या हात वर करतात. पण परवानाधारक थेरपिस्ट ते सत्र मानसोपचार म्हणून बिलात लावत असेल तर कधी कधी पैसे मिळतात, म्हणून विमा कंपनीला फोन करून संदर्भ क्रमांक लिहून घे. उत्पन्न बघून फी कमी करणारी, देणग्यांवर चालणारी केंद्रं असतात; विचारायला लाजू नकोस, तू फुकट मागत नाहीयेस. गट असेल तर स्वस्त पडतं, पण सुरुवातीला तुला एकटीनेच बरं पडेल असं मला वाटतं.

कपड्यांचं सांगून झालंच आहे. पूर्ण विजार, बंद आणि जाड बूट, सँडल नाही, लोंबणारी कानातली नाहीत, मंगळसूत्र-बिंगळसूत्र तर तू केव्हाच काढून ठेवलंयस. केस बांध. न्यू जर्सीत उन्हाळ्यात गवतात टिक्स असतात, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघून मगच आंघोळ; लाइम रोग नको मागे लागायला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते डॉक्टरांना विचार. तुला लहानपणी दम्याचा त्रास होता, वैरणीची धूळ वाईट, त्याची आधीच कल्पना दे आणि पंप खिशात ठेव. गोळीने गुंगी येत असेल त्या दिवशी घोड्याजवळ जायचं नाही, सरळ सांगून टाकायचं. वजनाची लाज वाटते म्हणालीस ना, ती मर्यादा स्वारीसाठी असते, जमिनीवर उभं राहायला कुणी काटा आणत नाही. सही करायला एक लांबलचक कागद देतील, अपघात झाल्यास आमची जबाबदारी नाही असा. सगळेच देतात, पण वाचून सही कर.

रडू आलं तर? येऊ दे. तिथे सगळेच कधी ना कधी रडतात, कागदी रुमालाचा खोका खराऱ्याच्या पेटीतच असतो. आणि पहिल्या खेपेला काहीच वाटलं नाही, नुसता वास आला आणि माशा चावल्या, तरी तेही चालतं. चार-पाच वेळा जाऊन बघ आणि मग नाही पटलं तर सोडून दे. चित्रकला असेल, योग असेल, पोहणं असेल. घोडा आवडलाच पाहिजे असा काही नियम नाही.

साताऱ्याला आईला काय सांगायचं, हा तुझा खरा प्रश्न, तू लिहिला नसलास तरी. सगळं एका फोनवर सांगायची गरज नाही. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत जनावरांमध्ये काम सांगितलंय म्हण, ते खोटंही नाही. तिच्या माहेरी बैल होते, ती तुला चार गोष्टी उलट शिकवेल. दारूचं सांगायचं तेव्हा सांग, तुझ्या बळाने. आणि पुण्याच्या तुझ्या भावाच्या व्यसनाचं तू मागे विचारलं होतंस, त्याच्यासाठी तिथे घोडे शोधत बसू नकोस. पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. त्याला तिथे घेऊन जायला वहिनीला सांग, आणि घरच्यांसाठी जे असतं त्यात वहिनीनेही बसावं. त्याच्या व्यसनाचा भार तू इथून उचलू नकोस, तुझे हात सध्या भरलेले आहेत.

एक शेवटचं. एखाद्या रात्री फारच झालं, जिवाचं काही करावंसं वाटलं, तर सकाळची, फार्मची, माझ्या उठण्याची वाट बघायची नाही. इथे ९८८ लाव, दिवसरात्र कुणीतरी उचलतं. भावासाठी तिकडे टेली-मानसचा १४४१६ आहे, मराठीतही बोलतात. दोन्ही क्रमांक फ्रिजवर चिकटव, पोरीच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी. आणि मंगळवारी सकाळी, ती शाळेत गेली की, फार्मवर फोन कर. मी अकराला तुला विचारणार आहे, परवान्याचा क्रमांक घेतलास का म्हणून.